कॉर्पोरेट गिफ्टिंग: एकट्याने धंदा करायचा की फ्रँचायझी घ्यायची?

फ्रँचायझीवरचा व्हिडिओ आल्यापासून एक प्रश्न सारखा येतोय, आणि तो बहुतेक भोसरी, चिंचवड, मोशी, चाकण याच पट्ट्यातून येतोय. "सर, मी कंपन्यांना टी-शर्ट, मग, डायऱ्या, ट्रॉफ्या सप्लाय करतो. आठ-दहा कंपन्या आहेत. आता एका नेटवर्ककडून ऑफर आली आहे. नाव त्यांचं, कॅटलॉग त्यांचा, सॉफ्टवेअर त्यांचं. सुरुवातीला फी आणि मग दर महिन्याला रॉयल्टी. घेऊ का?"

'घ्या' किंवा 'नका घेऊ' असं दोन शब्दांत सांगता येईल असा हा प्रश्न नाही. म्हणून आज व्हिडिओऐवजी लेख. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

चहाची फ्रँचायझी वेगळी, मगची वेगळी

आपल्याकडे फ्रँचायझी म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती पाटी. येवले अमृततुल्यची पाटी दिसली की माणूस गाडी बाजूला घेतो. जम्बोकिंगचा वडापाव मुंबईत स्टेशनबाहेर दिसला की चव काय असणार ते आधीच माहीत असतं. मोंजिनीसच्या दुकानात केक घेताना आपण मालकाचं नाव विचारत नाही. या धंद्यांत अनोळखी गिऱ्हाईक रस्त्यावरून चालत येतं आणि पाटी बघून आत शिरतं. तिथे पाटीचे पैसे मोजण्यात अर्थ आहे, कारण पाटी रोज गल्ल्यात पैसे आणून टाकते.

आता आपला धंदा बघा. मगवर नाव कोणाचं असतं? कंपनीचं. टोपीवर, छत्रीवर, पेनावर, बॅगेवर, सगळीकडे कंपनीचाच लोगो. आपलं नाव कुठेच नसतं, आणि नसायलाच पाहिजे. महाळुंगेच्या प्लांटमधल्या एचआर मॅडम ज्या माणसाला फोन करतात, त्याच्या शर्टावर कुठल्या नेटवर्कचा बिल्ला आहे याचं त्यांना काही देणंघेणं नसतं. त्यांना एवढंच हवं असतं, की ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाचे साडेतीनशे टी-शर्ट ३ तारखेला दुपारपर्यंत गेटवर आले पाहिजेत, साइजप्रमाणे गठ्ठे बांधलेले असले पाहिजेत आणि लोगोचा निळा रंग कंपनीचाच निळा असला पाहिजे.

या पट्ट्यात काम केलेल्याला या एका ऑर्डरमागचं सगळं माहीत असतं. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्याच कंपन्यांना सेफ्टी वीकचा माल एकाच वेळी हवा असतो. भोसरीतला स्क्रीन प्रिंटिंगवाला "दादा, रात्री दोनला देतो" म्हणतो. टेम्पो चाकणच्या तळेगाव चौकात अडकतो. गेटवर सिक्युरिटी विचारते, चलनावर पीओ नंबर कुठे आहे? इनवर्डची वेळ चारला संपते. पावणेचारला माल आत गेला तर तुम्ही पुढच्या वर्षीही सप्लायर. सव्वाचारला पोचलात तर पुढच्या वर्षी फोन दुसऱ्याला.

या धंद्यात कमावलेलं भांडवल म्हणजे हेच. दोन गोष्टी: त्या कंपनीच्या सिस्टीममधला तुमचा व्हेंडर कोड, आणि 'हा माणूस वेळेवर देतो' ही एचआर, ॲडमिन, सेफ्टी आणि परचेसमधल्या चार-पाच माणसांची खात्री. या दोन्ही गोष्टी मिळवायला वर्षं लागतात. नेटवर्कच्या ऑफरकडे बघताना प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: यामुळे माझा व्हेंडर कोड मजबूत होतोय, की दुसऱ्याच्या नावावर जातोय?

(हा धंदा जन्मला तोही असाच, पाटीशिवाय. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोशॉक्टन नावाचं छोटं गाव आहे. १८८०च्या दशकात तिथल्या जॅस्पर मीक नावाच्या वर्तमानपत्रवाल्याने गावातल्या बुटाच्या दुकानाची जाहिरात शाळेच्या पोरांच्या दप्तरांवर छापून दिली. दप्तर गावभर फिरलं, नाव झालं ते बूटवाल्याचं. छापणारा तेव्हापासून पडद्यामागेच आहे.)

नेटवर्क नेमकं काय विकतं?

भारतात या धंद्यातली फ्रँचायझी अजून नवखी आहे, पण अमेरिकेत जुनी आहे. तिथलं प्रोफॉर्मा हे नेटवर्क १९७८ साली ओहायोमध्येच सुरू झालं. त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. स्थानिक मालक गिऱ्हाईक आणतो, ऑर्डर घेतो, नातं सांभाळतो. बिल करणं, वसुली, सप्लायरचे पैसे देणं आणि मधल्या काळात पैसा उभा करणं हे मुख्य ऑफिस बघतं. दुसरा प्रकार फुली प्रमोटेड या नेटवर्कचा. त्याचं आधीचं नाव एम्ब्रॉइडमी. यात दुकान किंवा शोरूम असतं, आणि भरतकाम-छपाईची व्यवस्था त्याला जोडलेली असते. आपल्याकडे येणाऱ्या ऑफर या दोघांपैकी कोणाच्या तरी वळणावर बेतलेल्या असतात, निदान कागदावर तरी.

म्हणजे विकायला तीन गोष्टी आहेत: नाव, माल आणि मागचं ऑफिस.

नावाचं वर बोललो. या पट्ट्यात त्याची किंमत मी जवळजवळ शून्य धरतो.

मालाचं बघू. नेटवर्कवाला म्हणतो, आमच्याकडे हजारो आयटम आहेत, रेट एकत्रित खरेदीचे आहेत. ऐकायला छान वाटतं. पण तुम्ही आज माल कुठून आणता? स्टेशनरी आणि डायऱ्या अप्पा बळवंत चौकातून, गिफ्टचे सेट आणि पेनं मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून, निटेड टी-शर्ट तिरुपूरहून, पितळी वस्तू मुरादाबादच्या. छपाई, लेझर, यूव्ही प्रिंट भोसरीत. हे सगळं फोनवर होतं. तेव्हा नेटवर्कचा कॅटलॉग जाड आहे की पातळ हे बघू नका. तुम्ही नेहमी विकता ते वीस आयटम निवडा, तुमचा आजचा खरेदी रेट लिहा, बाजूला नेटवर्कचा रेट मागा. वाहतुकीसकट मागा. द्यायला टाळाटाळ करत असतील तर तेही एक उत्तरच आहे.

मग राहतं मागचं ऑफिस. खरी गंमत तिथेच आहे, पण आधी हिशोब.

कागदावर मांडून बघू

आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे आकडे तुम्ही टाका.

वर्षाची विक्री ६० लाख, जीएसटी सोडून. मार्जिन सरासरी २२ टक्के. म्हणजे मालाचे आणि छपाईचे पैसे देऊन हातात राहतात १३ लाख २० हजार. यातून जागेचं भाडं, एका पोराचा पगार, टेम्पो, सँपल, फोन, आणि शेवटी तुमचं घर.

आता ऑफर अशी धरू: रॉयल्टी विक्रीच्या ६ टक्के, जाहिरात निधी १ टक्का, प्रवेश फी ३ लाख, करार पाच वर्षांचा. रॉयल्टी झाली ३ लाख ६० हजार. जाहिरात निधी ६० हजार. प्रवेश फी पाच वर्षांत वाटली तर वर्षाला ६० हजार. एकूण ४ लाख ८० हजार.

समोरचा माणूस म्हणतो, "फक्त सात टक्के." थांबा. सात टक्के विक्रीचे आहेत. तुमच्या खिशात विक्री येत नाही, मार्जिन येतं. १३ लाख २० हजारांतले ४ लाख ८० हजार म्हणजे ३६ टक्के. तुमच्या कमाईच्या प्रत्येक रुपयातले छत्तीस पैसे. फ्रँचायझीच्या चर्चेत एवढा एक आकडा पाठ करून गेलात तरी समोरच्याची बोलण्याची पट्टी खाली येते.

आता उलटा हिशोब. फ्रँचायझी घेऊनही आज राहतात तेवढेच १३ लाख २० हजार राहायला हवे असतील, तर विक्री किती पाहिजे? २२ टक्क्यांतून ७ गेले, राहिले १५. त्यात प्रवेश फीचे ६० हजारही भरून काढायचे. उत्तर येतं ९२ लाख. म्हणजे विक्री ६० वरून ९२ लाखांवर नेली, तर तुम्ही आज जिथे आहात तिथेच राहाल. काम दीडपट, उधारी दीडपट, रात्रीची जागरणं दीडपट, आणि घरी तेवढेच पैसे.

किंवा विक्री तीच ठेवायची आणि खरेदी स्वस्त करायची. तुमची खरेदी ४६ लाख ८० हजारांची आहे. ४ लाख ८० हजार त्यातून वाचवायचे तर माल सव्वादहा टक्के स्वस्त मिळाला पाहिजे. वीस आयटमचा तक्ता करायला सांगितला तो यासाठी. दहा टक्क्यांहून जास्त फरक सरसकट दिसला तर माल हे कारण खरं. तीन-चार टक्के दिसला तर नाही.

"रॉयल्टी गिऱ्हाईकावर टाकू" असं कोणी म्हणेल. कसं टाकणार? दिवाळीला एचआर मॅडम विचारतात, "पर पीस ऑल इन्क्लुझिव्ह किती?" त्यामागे कारण आहे. भेट म्हणून वाटलेल्या वस्तूंवर जीएसटीचं इनपुट क्रेडिट कंपनीला घेता येत नाही, कायद्यातच तशी मनाई आहे. त्यामुळे टॅक्ससकट जो आकडा तो सगळा त्यांच्या बजेटमधून जातो. माणशी २५० ठरलेत तर २५०. तुम्ही सात टक्के चढवून २६७ सांगितलेत की मॅडम नाही म्हणत नाहीत, पण दुसरं कोटेशन मागवतात.

उधारी: खरं दुखणं

आता मागच्या ऑफिसकडे येऊ. या धंद्यात माणूस विक्रीअभावी बुडालेला मी कमी बघितलाय. बुडतो तो उधारीत.

चक्र तुम्हाला माहीत आहे. तिरुपूरवाल्याला ॲडव्हान्स. छपाईवाल्याला माल उचलताना रोख. कंपनीत माल गेला, जीआरएन झालं, बिल अकाउंट्सला गेलं. पीओवर ६० दिवस लिहिलेले असतात, हातात यायला ७५ किंवा ९० होतात. आणि या काळात जीएसटी थांबत नाही. बिल ज्या महिन्यात केलं त्याच्या पुढच्या महिन्यात रिटर्न भरताना टॅक्स भरावा लागतो, कंपनीने तुम्हाला दिलेला असो वा नसो.

इथे अनेकांना वाटतं, आपल्याकडे उद्यम रजिस्ट्रेशन आहे, ४५ दिवसांचा कायदा आहे. हा गैरसमज महागात पडतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. २००६च्या एमएसएमईडी कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, अशी तरतूद आहे. आयकर कायद्यात नंतर ४३बी (एच) आलं: मुदतीत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीत धरता येत नाही. कंपन्यांचे अकाउंट्स विभाग यामुळे खरंच हलले. पण व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये उद्यमवर नोंदणी खुली केली तेव्हा केंद्र सरकारने स्पष्ट लिहिलं, की घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना फायदा फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. उशिरा पेमेंटचं संरक्षण त्यांना नाही. तुम्ही माल इथून घेऊन तिथे देत असाल तर तुम्ही व्यापारी, आणि ४५ दिवसांचा कायदा तुमच्या बाजूने उभा राहत नाही. स्वतःचं छपाईचं, भरतकामाचं किंवा लेझरचं मशीन आहे, काम खरोखर तुमच्याकडे होतं आणि उद्यमवर तीच ॲक्टिव्हिटी नोंदलेली आहे, अशी स्थिती असेल तर गोष्ट वेगळी होऊ शकते. उद्यमचा कागद घेऊन सीएकडे बसा. फ्रँचायझीच्या आधी हे करा, कारण कदाचित तुम्हाला नेटवर्कची नाही, एका छोट्या मशीनची गरज असेल.

आता समजा नेटवर्क म्हणतं, "बिल आम्ही करू, वसुली आम्ही करू, सप्लायरला पैसे आम्ही देऊ. तुमचा वाटा आम्ही महिन्याला देतो, कंपनीने आम्हाला कधीही देवो." ही ऑफर खरी असेल तर ती मोलाची आहे. किती मोलाची तेही काढू.

६० लाखांच्या विक्रीवर ७५ दिवसांची उधारी म्हणजे सरासरी १२ लाख ३३ हजार रुपये कायम बाहेर अडकलेले. बँकेचं व्याज १२ टक्के धरलं तर वर्षाला साधारण दीड लाख. जीएसटीची रक्कम धरली तर पावणेदोनच्या आसपास. म्हणजे हाच पैसा बँकेतून उभा केला तर पावणेदोन लाख, नेटवर्ककडून घेतला तर ४ लाख ८० हजार. बँक स्वस्त, यात वादच नाही.

पण बँक देते का? आणि किती देते? सरासरीने धंदा चालत नाही, तो दिवाळीने चालतो. वर्षाच्या विक्रीतले २४ लाख दिवाळीच्या दोन महिन्यांत होत असतील, तर तेवढ्यात जवळपास १९ लाखांचा माल उचलावा लागतो, आणि पैसे परत येतात डिसेंबर-जानेवारीत. मुद्रामध्ये तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. ते आधी नीट फेडलेल्यांसाठी २०२४ पासून तरुण प्लस गटात मर्यादा २० लाख झाली आहे. सीजीटीएमएसईची हमी असेल तर तारणाशिवाय ओडी मिळू शकते. ज्याची रिटर्न्स स्वच्छ आहेत, बँक खात्यात उलाढाल दिसते, त्याने आधी बँकेचं दार ठोठवावं. ज्याने चार वर्षं अर्धा धंदा रोखीत केला आणि रिटर्नमध्ये उत्पन्न दाखवलंच नाही, त्याला बँक दारात उभी करणार नाही. त्याच्यासाठी नेटवर्कचे महाग पैसेही पैसेच आहेत. कडू आहे, पण आहे.

आणि इथेच तो पेच आहे, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. नेटवर्क बिल करणार म्हणजे पीओ कोणाच्या नावावर निघणार? नेटवर्कच्या. कंपनीच्या सिस्टीममध्ये पॅन त्यांचा, जीएसटी नंबर त्यांचा, बँक खातं त्यांचं, व्हेंडर कोड त्यांचा. तुमचा जुना कोड वापराविना पडून राहतो, आणि काही ठिकाणी काही काळ व्यवहार झाला नाही की बंदच केला जातो. तीन वर्षांनी तुम्ही बाहेर पडलात तर एचआर मॅडम म्हणतील, "दादा, आम्हाला तुमच्याकडूनच घ्यायचंय, पण सिस्टीममध्ये तुम्ही नाही. नवीन रजिस्ट्रेशन करा." नवीन रजिस्ट्रेशनला परचेस म्हणणार, या कॅटेगरीत व्हेंडर आहे की आधीच. तो व्हेंडर म्हणजे नेटवर्क, आणि त्यांच्याकडून येणारा माणूस म्हणजे मोशीतला दुसरा फ्रँचायझी.

नेटवर्ककडून विकत घेण्यासारखी जी एकच गोष्ट आहे, तीच तुमचं गिऱ्हाईक सोबत घेऊन जाते. उधारीचा भार त्यांच्या खांद्यावर, तर कोडही त्यांच्या खिशात. कोड तुमच्याकडे ठेवायचा, तर उधारीही तुमचीच, आणि मग रॉयल्टी नक्की कशासाठी?

माझं मत स्पष्ट सांगतो. बिल तुमच्या नावाने आणि रॉयल्टी त्यांना, अशी ऑफर असेल तर या पट्ट्यात पाय रोवलेल्या माणसाने ती घेऊ नये. त्यातही एक छुपं कलम असतं: रॉयल्टी बिलावर की वसुलीवर? बिलावर असेल तर कंपनीचा एक रुपया यायच्या आधी तुम्ही सहा टक्के भरून बसलेले असता.

करारात काय बघायचं

अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला कायद्याने एक माहितीपत्रक द्यावं लागतं, सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी. त्यात सध्याच्या फ्रँचायझींची आणि नुकतेच बाहेर पडलेल्यांचीही संपर्कासकट यादी असते. भारतात फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. १८७२चा करार कायदा, ट्रेडमार्कचा कायदा आणि तुम्ही सही केलेला कागद, एवढ्यावर सगळं चालतं. म्हणून ती यादी तुम्ही स्वतः मागायची. सध्याच्या फ्रँचायझींशी बोलणं करून देतीलच, ते नेहमी खूश असतात. तुम्ही सोडून गेलेल्यांचे नंबर मागा. त्यांना एकच प्रश्न: "सोडल्यावर तुमच्या जुन्या कंपन्यांपैकी किती परत तुमच्याकडे आल्या?"

करारात बहुधा लिहिलेलं असतं, की बाहेर पडल्यावर दोन वर्षं हाच धंदा करायचा नाही. याला घाबरून लोक अडकून बसतात. करार कायद्याचं २७वं कलम धंदा करण्यावर बंदी घालणारा करार रद्दबातल ठरवतं, आणि करार संपल्यानंतरची अशी बंदी आपली न्यायालयं सहसा मान्य करत नाहीत. करार चालू असताना मात्र अशी अट टिकते. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या १९९५च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. पण कायद्याने जिंकणं आणि व्हेंडर कोड परत मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय वाद झाला तर लवाद दिल्लीत किंवा बेंगळुरूत, असं लिहिलेलं असलं तर साठ लाखांच्या धंद्यातला माणूस तारखांना जाणार का? लवादाचं ठिकाण पुणे करून घ्या. फुकट होणारी सुधारणा आहे.

टेरिटरीचंही नीट वाचा. "पिंपरी-चिंचवड आणि खेड तालुका तुमचा" हे ऐकायला मोठं वाटतं. पण प्लांट चाकणला, परचेस मुंबईला, बिलिंगचा पत्ता तिसरीकडे, अशा कंपनीची ऑर्डर कोणाची? पिनकोडने भाग पाडून इथे उत्तर मिळत नाही. तुमच्या आजच्या कंपन्यांची नावं करारामागच्या परिशिष्टात एकेक करून लिहून घ्या, आणि पुढे लिहा: यांच्या ऑर्डरवर रॉयल्टी लागू नाही, आणि करार संपल्यावर या माझ्याच. मान्य केलं तर नेटवर्क फक्त नव्या धंद्यावर कमावेल, जे न्याय्य आहे. मान्य केलं नाही, तर ते नेमकं काय विकत घ्यायला आले होते ते तुम्हाला कळलं.

मग फ्रँचायझी कोणी घ्यावी?

असे लोक आहेत. एखादा माणूस वीस वर्षं कंपनीत ॲडमिन किंवा परचेसमध्ये होता, व्हीआरएस घेतली, ओळखी भरपूर, पण स्क्रीन प्रिंट आणि पॅड प्रिंटमधला फरक माहीत नाही, सप्लायर माहीत नाहीत, अकाउंटिंगची आवड नाही. त्याच्याकडे गमवायला व्हेंडर कोड नाहीच. त्याने दोन-तीन वर्षांचा छोटा करार करून धंदा शिकून घ्यावा. ती फी शिकवणीची समजावी.

दुसरा असा, ज्याचं मुख्य गिऱ्हाईक वाढतंय. चाकणचा प्लांट तुमचा, पण कंपनी म्हणते, हेच वेलकम किट आम्हाला साणंद, होसूर आणि मानेसरलाही एकाच रेटने, एकाच दिवशी हवंय. ऑनलाइन पोर्टलही हवंय, जिथे कर्मचारी स्वतः साइज निवडेल. खरेदी एका जागी गोळा करण्याकडे मोठ्या कंपन्यांचा कल आहे, आणि भोसरीतल्या एका गाळ्यातून चार राज्यं सांभाळणं अवघड आहे. तिथे नेटवर्कचे हात लांब आहेत. पण तेव्हाही त्या एका कंपनीपुरता, त्या एका ऑर्डरपुरता करार मागा. सगळं दुकान त्यांच्या नावावर करायची गरज नाही.

बाकीच्यांसाठी एक तिसरा रस्ता आहे, आणि तो आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको. आपण भिशी चालवतो, सोसायट्या चालवतो. पाच-सहा जणांनी मिळून खरेदी करायला काय हरकत आहे? एकजण टी-शर्टमध्ये पक्का, दुसरा ट्रॉफी-मोमेंटोमध्ये, तिसऱ्याकडे यूव्ही प्रिंटर. सप्लायर म्हणतो, कमीत कमी ५०० पीस. तुमची ऑर्डर १२० ची. चौघांच्या मिळून ५०० होतात. एकमेकांना ठरलेल्या कमी मार्जिनवर माल द्यायचा, आणि एकमेकांच्या कंपन्यांत पाऊल ठेवायचं नाही, हे कागदावर लिहून सह्या करायच्या. चिंचवड-भोसरीत लघुउद्योजकांच्या संघटना आहेत, मराठा चेंबरचंही काम १९३४ पासून चालू आहे. अशी माणसं भेटायला तिथल्या बैठकांना जाऊन बसा. खरेदीत पाच टक्के वाचले तरी वरच्या हिशोबात ते २ लाख ३४ हजार होतात, आणि रॉयल्टी शून्य. यात उधारीचा प्रश्न सुटत नाही, तो बँकेकडेच न्यावा लागेल. कटकटही आहे, कोणीतरी पैसे उशिरा देणार, कोणीतरी दुसऱ्याच्या गिऱ्हाईकाला कार्ड देणार. पण व्हेंडर कोड प्रत्येकाचा प्रत्येकाकडे राहतो.

आणि इतकं होऊनही नेटवर्कमध्ये जायचं ठरलं, तर तारीख सांभाळा. ऑफर बरेचदा ऑगस्टमध्ये येते, "दिवाळीच्या आधी जॉइन व्हा, सीझन पकडा" म्हणून. दिवाळीच्या ऑर्डरी तुम्ही वर्षभर मेहनत करून आणलेल्या असतात. सप्टेंबरात सही केली की त्यावर पहिली रॉयल्टी त्यांची. सही दिवाळीचे पैसे वसूल झाल्यावर, जानेवारीत करा. तोवर वीस आयटमचा तक्ता भरून ठेवा, आणि सोडून गेलेल्या किमान तीन जणांना फोन लावा.